भूत, प्रेम आणि कोल्हापूर: वाचक फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

कुमारवयीन मुलामुलींसाठी मी अद्भुत प्रेमकथा लिहिते. म्हणजे एक बाजू माणसाची, दुसरी माणसाची नसलेली, आणि मध्ये बारावीची परीक्षा. शाळा-कॉलेजांत बोलायला गेले की मुलं काही प्रश्न हमखास विचारतात, पालक काही वेगळे विचारतात, आणि काही प्रश्न चिठ्ठीवर लिहून शेवटच्या बाकावरून येतात. ती चिठ्ठी सगळ्यात आधी उघडते मी. उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत, क्रम लावलेला नाही.

ताई, हे सगळं सुचतं कुठून?

घाटावरून. पंचगंगेच्या काठी दहाव्याचा विधी ज्यानं पाहिलाय त्याला फार सांगायला नको. पिंड मांडलेला असतो, माणसं मागं सरून उभी असतात आणि कावळा काही येत नाही. आला तरी लांब बसतो, मान वाकडी करून बघतो, शिवत नाही. मग कुजबुज सुरू होते. ‘कशात जीव अडकलाय?’ थोरला मुलगा पुढं होतो, हात जोडतो. ‘धाकटीचं लग्न थाटात करून देतो, आण्णा. काळजी करू नका.’ कावळा ढिम्म. मागून कुणीतरी म्हणतं, ‘अरे, म्हशीचं बोल.’ ‘म्हैस विकत नाही, आण्णा. शब्द देतो.’ आणि कावळा येतो.

यात खरं-खोटं काय, हा वाद बाजूला ठेवा. तिथं घडतं काय ते बघा. जो आता बोलू शकत नाही त्याच्या मनात काय होतं, हे अख्खं घर चारचौघांत उभं राहून ओळखायचा प्रयत्न करतंय. हयात असताना ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला आता एकेक इच्छा विचारली जातेय. आपल्याकडचा मेलेला माणूस घाबरवायला थांबत नाही, त्याचं काहीतरी राहिलेलं असतं म्हणून थांबतो. आणि ते काय राहिलंय हे मागं उरलेल्यांनी ओळखायचं असतं.

सोळाव्या वर्षी प्रेमात पडलेल्यांचं दुसरं काय चाललेलं असतं? समोरचा बोलत नाही, आपल्याला विचारता येत नाही, आणि सगळा दिवस अंदाज बांधण्यात जातो. मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही, म्हणजे काय? माझ्या सगळ्या कादंबऱ्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून सुरू झाल्या. भुताची इच्छा ओळखणारी मुलगी आणि मुलीची इच्छा ओळखू न शकणारं भूत, एवढ्यावर तीनशे पानं आरामात जातात.

तुमचा भुतांवर विश्वास आहे का?

नाही. माझ्या आजीचा होता. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही, कारण तिला गोष्ट सांगायची असायची आणि मला ऐकायची.

पुण्या-मुंबईत घडवलं असतं तर वाचक वाढले नसते का? कोल्हापूरच का?

कारण इथं प्रेमात पडलेल्या पोरांना आधीच भुतासारखं वागावं लागतं.

विनोद नाही करत. रंकाळ्याच्या कठड्यावर दोघं जण टेकली, की ती उठून पदपथ उद्यानापर्यंत पोचायच्या आत घरी खबर गेलेली असते. आत्याच्या नणंदेचा मुलगा तिथं भेळ खात असतोच. शिवाजी पेठेतली पोरगी आणि मंगळवार पेठेतला पोरगा म्हटलं की आधी तालीम कुठली, फुटबॉलला कुठल्या टीमच्या बाजूनं ओरडतोस, इथपर्यंत चौकशी जाते. ‘कुणाची गं तू?’ हा प्रश्न महाद्वार रोडवर कुणीही कुणालाही विचारू शकतो, आणि उत्तर द्यावं लागतं.

म्हणून इथली जोडपी ठरावीक वेळेलाच भेटतात, तिसरं कुणी आलं की नाहीशी होतात, एकमेकांचं नाव घेत नाहीत, आणि लोकांत समोरासमोर आली तर ओळख दाखवत नाहीत. हे नियम मी भुतांना लावले, एवढीच माझी कारागिरी. मोठ्या शहरात ही अडचण राहत नाही, तिथं गर्दीत कुणीही लपतं. अडचण गेली की गोष्ट गेली.

व्हॅम्पायर का नाही? आम्हांला व्हॅम्पायर आवडतात.

लसूण चालत नाही त्याला. आपल्या घरात कांदा-लसूण चटणीशिवाय आमटीला फोडणी पडत नाही, पांढरा रस्सासुद्धा लसणाशिवाय होत नाही. तो गंगावेशीत उतरल्या उतरल्या संपेल.

खरं कारण असं की ते भूत मोठ्या वाड्यात एकटं राहणारं, खानदानी, श्रीमंत. आपली भुतं विहिरीवर, पिंपळावर, बांधावर, तिकटीवर राहतात. त्यांना पत्ता असतो, हद्द असते, आणि आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं देणं-घेणं असतं. मला असं शेजारधर्म पाळणारं भूत लिहायला आवडतं.

मग तुमचा नायक मुंजा का? मुंजा तर भीतिदायक असतो ना?

जरा विचार करा मुंजा कोण ते. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा मुलगा. म्हणजे बालपण रीतसर संपलेलं, मोठेपण रीतसर सुरू न झालेलं, आणि त्या मधल्या पायरीवर कायमचा अडकलेला. परंपरेनं त्याला पिंपळ दिला राहायला. गावोगावी पारावर त्याचं ठाणं असतं, शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात. कुमारवयाचं याहून नेमकं चित्र मला तरी कुठं सापडलं नाही. ‘आता तू लहान नाहीस’ आणि ‘अजून तू मोठा नाहीस’ ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी ऐकणारा प्रत्येक मुलगा थोडा मुंजाच असतो.

लोककथांत मुंजा खोड्या काढतो, दगड मारतो, वाटसरूंना त्रास देतो. मला त्यात राग दिसला नाही, कंटाळा दिसला. शंभर वर्षं एका झाडावर बसून तुम्ही काय कराल?

इथं एक गोष्ट मी पहिल्यापासून पक्की धरली. जगभरच्या अशा कथांत दोनतीनशे वर्षांचा नायक सोळा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तो दिसायला कोवळा आहे म्हणून सगळे खपवून घेतात. मी खपवून घेत नाही. शंभर वर्षं जग बघून शहाणा झालेला पुरुष शाळकरी मुलीच्या मागं लागला, तर ती प्रेमकथा नव्हे, तक्रार करायची बाब आहे. माझा मुंजा गेला त्या वयाचाच आहे, आतूनही. त्याला कळून काही वाढत नाही. तो दरवर्षी तीच चूक करतो, तेच विसरतो, त्याच गोष्टीवर रुसतो. नायिका मात्र पुस्तकभर मोठी होत जाते, आणि एका पानावर त्याला मागं टाकून पुढं निघून जाते. वाचकांना रडू येतं ते बहुतेक त्याच पानावर.

आणि हडळ? ती नायिका का नाही होत?

होते. दुसरी कादंबरी वाचा.

पण राग कशाचा आला होता ते सांगते. हडळ किंवा जखीण म्हणजे कोण, असं जुन्या बायकांना विचारा. बाळंतपणात गेलेली, पाण्यात ढकललेली, सासरी छळून मारलेली, मन मारून मेलेली. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तीच पुढं भीती घालायला. मारणाऱ्याचं भूत झाल्याची गोष्ट मी फार कमी ऐकली. तिचे पाय उलटे असतात असं सांगतात. मी ती खूण ठेवली, अर्थ माझा घातला. तिला ज्या घरी परत जायचंय त्या घराकडं तिची पावलं वळलेली आहेत, आणि तोंड मात्र तिला निघून जावं लागलं त्या दिशेला. एवढं सुचल्यावर ती पंधरा वर्षांची कशी गेली, हे शोधणं मला भागच होतं. पंधराव्या वर्षी बाळंतपणात. ही कल्पना नाही, आपल्या पणज्यांच्या काळातली अगदी रोजची गोष्ट आहे.

पुस्तकातल्या भेटी ठरावीक तारखांनाच का होतात? ९ नोव्हेंबर, ३१ जानेवारी... हे तुम्ही ठरवलं का?

मी नाही, सूर्यानं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो ते हेच दिवस. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत पोचतात, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. कोल्हापूरकराला हे नवीन नाही. मला वेड लावलं ते तारखांच्या जोडीनं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या अलीकडं आणि पलीकडं साधारण सारखेच दिवस मोजले की सूर्य क्षितिजावर पुन्हा त्याच जागी मावळतो. जाताना एकदा, येताना एकदा. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी ही जागा धरून ठेवली.

आणि तरीही काही वर्षी किरणं पोचत नाहीत. ढग येतात, हवेत धूळ आणि बाष्प असतं, वाटेत कुणाचा तरी मजला वाढलेला असतो. वर्षातून मोजक्या संध्याकाळी, काही मिनिटं, आणि त्यातही पोचेल याची खात्री नाही. प्रेमकथेच्या लेखिकेनं आणखी काय मागायचं?

खिद्रापूरचंही तसंच. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी कोपेश्वराचं शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि वर मधोमध छत नाही, गोल मोकळं आभाळ. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरीला, मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या गोलात येतो. यातही चमत्कार नाही, हिशेब आहे. त्या दिवसांत सूर्य जेवढा दक्षिणेला, पुनवेचा चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, आणि आपला अक्षांशही तेवढ्याच्या आसपास. म्हणून तो जवळजवळ डोक्यावर येतो.

त्या देवळाची कथा तर आणखी थेट आहे. सती दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून. परत आलीच नाही. म्हणून या शंकरापुढं नंदी नाही. तो नदीपलीकडं, कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. सती गेली म्हणून कोपलेला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघांच्या पिंडी शेजारी-शेजारी. बायको गेलेल्या मित्राजवळ काही न बोलता बसून राहिलेला मित्र, असं मला ते दिसतं. तिसऱ्या कादंबरीतला नायिकेचा मित्र तिथून आला.

माझा एक हट्ट आहे: अद्भुताचे नियम वाचकाला कॅलेंडर काढून तपासता आले पाहिजेत. मंत्र म्हटला आणि दार उघडलं, याला मी लबाडी समजते. अमुक तारखेला, अमुक वेळी, आभाळ स्वच्छ असेल तरच, असं असलं की वाचक भेटीच्या आधी स्वतःच आभाळाकडं बघायला लागतो.

साती आसरा खऱ्या आहेत का? आमच्या शेतातल्या विहिरीवर सात दगड आहेत.

दगड खरे आहेत, त्यांना नीट ठेवा.

पाण्यातल्या या सात बहिणी. विहीर, डोह, तळं, जिथं पाणी तिथं त्या. हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण असं त्यांना वाहतात. त्या कुणावर प्रसन्न होतात, कुणाला ओढून नेतात, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत. पोहता न येणाऱ्या पोरांना डोहापासून लांब ठेवण्याचा तो एक मार्ग होता, हेही खरं.

माझ्या गोष्टीची ठिणगी मात्र शहरात पडली. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव होतं. रंकाळा, कोटीतीर्थ, कळंबा, राजाराम तलाव ही आज दिसतात ती. पण आपण ज्याला कपिलतीर्थ मार्केट म्हणतो आणि जिथं भाजी घेतो, तिथं कपिलतीर्थ हे खरोखरचं तळं होतं. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होतं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचतं आणि लोक नावं ठेवतात. मला वाटतं, पाणी फक्त आपल्या जुन्या घरी येऊन जातं.

मग प्रश्न पडला. तळी बुजवली, तेव्हा तिथल्या आसरा गेल्या कुठं? कुणी त्यांना विचारून बुजवली का? एखादी अजून कपिलतीर्थात मेथीच्या जुड्यांमधून हिंडत असेल का, पायाखाली पाणी लागतंय का बघत? सात जणींमधली सगळ्यात धाकटी, जिला वाहतं पाणी आठवतच नाही, जी नळाच्या पाण्यावर वाढलीय, तिला पेठेतला पोहणारा एक मुलगा भेटला तर? तीच सध्या चालू असलेली कादंबरी.

पंचगंगेनंही या बाबतीत मदत केली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या दिसतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. प्रयाग चिखलीच्या संगमावर उभं राहून कितीही बघा, चारच मोजता येतील, आणि तरी नाव पंचगंगाच. न दिसणारीला मोजणारं गाव आहे हे. अशा गावात अद्भुतरम्य लिहिणं अवघड नाही.

परदेशी पुस्तकांची नक्कल आहे असं काही जण म्हणतात.

म्हणू देत, पण आधी आपलं जुनं वाचून म्हणू देत. उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ९५ व्या सूक्तात आहे. ती या जगातली नाही, तो माणूस. अटी घालून ती राहते, अट मोडते, ती निघून जाते आणि तो मागं वेड्यासारखा फिरतो. या प्रकारच्या कादंबरीचा सगळा सांगाडा तिथं आहे.

उषेनं अनिरुद्धाला स्वप्नात पाहिलं आणि तो कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मैत्रीण चित्रलेखा. तिनं एकेक चेहरा काढून दाखवला, ओळख पटल्यावर त्याला द्वारकेहून उचलून आणलं. अशी मैत्रीण हवी! माझ्या नायिकांच्या मैत्रिणी सगळ्या चित्रलेखेच्या लेकी. आणि मैत्रीतला रुसवा शिकायचा तर टेंबलाईच्या टेकडीवर जा. अंबाबाईच्या विजयाच्या सोहळ्याला बोलवायचं राहिलं म्हणून त्र्यंबोली, म्हणजे टेंबलाई, रुसून पाठ फिरवून बसली, आणि आजही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला तिथं जाते.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली आहे, रुरू आणि प्रमद्वरा यांची. लग्न तोंडावर आलं असताना तिला साप चावतो. रुरू रानात जाऊन आक्रोश करतो, देवदूत सांगतो की तुझं अर्धं आयुष्य दिलंस तर ती उठेल, आणि तो देतो. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. महाभारत थांबत नाही. त्यानंतर रुरू दिसेल तो साप मारत सुटतो, शेवटी एक बिनविषारी साप त्याला म्हणतो, माझा काय गुन्हा? प्रेमानं माणूस उदार होतो आणि त्याच प्रेमानं क्रूरही होतो, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही. मुलांना प्रेमाविषयी सांगायचं तर ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

आणि हो, सातवाहनांच्या काळातल्या गुणाढ्यानं आपली मोठी कथा पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहिली असं कथासरित्सागरात सांगितलंय. राजानं नाकारल्यावर तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवायचा आणि जाळायचा. सात लाख श्लोकांतले एक लाखच उरले. प्रकाशकाचा नकार आला की मी हे आठवते. पानं जाळत नाही, पण आठवते.

मराठीत आधी कुणी असं लिहिलंय?

भयाचं आणि गूढाचं भरपूर. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचल्याशिवाय या वाटेला येऊ नये. धारपांकडून मी शिकले की भीती वाड्यात नसते, साध्या मध्यमवर्गीय खोलीत असते. मतकरींकडून, की गूढ हे माणसाच्या वागण्यातूनच निघालं पाहिजे. कुमारांसाठी प्रेमकथा मात्र आपल्याकडं फार थोड्या. दहा वर्षांपर्यंत धाडसकथा, मग एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधली शिडी नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चाललंय, तिथंही कपाटांसमोर उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीला काय द्यावं हा प्रश्न पडतोच.

तुमच्या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढत नाही का?

या शहरात हा प्रश्न हलक्यात घेता येत नाही. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मारलं, जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. गोविंद पानसरेंवर २०१५ च्या फेब्रुवारीत इथंच, कोल्हापुरात, सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या. भुतांच्या गोष्टी लिहून त्यावर पोट भरणाऱ्या बाईला याचं उत्तर देता आलं पाहिजे.

माझे नियम साधे आहेत. माझ्या पुस्तकात मांत्रिक, भगत, बुवा कधीच काही सोडवत नाही. तो आलाच तर पैसे घेऊन जातो. कुणाच्या आजाराचं कारण भूत नसतं. मुलगी बोलायची थांबली, फिट आली, जेवेना झाली, तर तिला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नेतात. एका नायिकेला भूत खरोखर दिसतं आणि तिला नैराश्यही आहे, या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवल्या. भूत तिच्याशी गप्पा मारतं, औषध डॉक्टर देतात, आणि भूतच तिला विचारतं, ‘गोळी घेतलीस का?’ आणि माझं भूत कुणाच्या अंगात येत नाही. न विचारता दुसऱ्याच्या शरीरात शिरणं हे प्रेमकथेत बसत नाही, एवढं साधं कारण आहे त्याला.

माझी मुलगी आठवीत आहे. तिनं वाचलं तर चालेल का? प्रेम ‘किती’ आहे?

हात धरण्याएवढं. त्यातही एकाचा हात आरपार जातो.

हसू नका, या प्रकाराची ताकद तिथंच आहे. स्पर्श करताच येत नाही म्हटल्यावर दोघांना बोलावं लागतं. पानंच्या पानं बोलतात. कायद्यानं अठराच्या आतलं मूल हे मूल असतं आणि लिहिताना मी ते विसरत नाही. पण मुलींना काही वाटतच नाही असं भासवणारं पुस्तक देऊन आपण त्यांना एकटं पाडतो, असं माझं मत आहे. तुम्हीही वाचा. तिच्या आधी नको, तिच्यानंतर. आणि वाचल्यावर चौकशी करू नका, नुसतं ‘मुंजाचं वाईट वाटलं’ म्हणा. पुढचं ती बोलेल.

नायिका ‘मी येतो, मी जातो’ का म्हणते? प्रूफ तपासलं नव्हतं का?

तपासलं होतं. पुण्यातून प्रत्येक ठिकाणी दुरुस्त होऊन आलं आणि मी प्रत्येक ठिकाणी परत केलं. कोल्हापूरच्या पोरी तशाच बोलतात. ‘आई, मी क्लासला जातो’ म्हणणारी मुलगी पुस्तकात आल्यावर ‘जाते’ म्हणायला लागली, तर भुतासमोर ती उभी कशी राहणार?

प्रत्येक पुस्तकात पूर का येतो?

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेली मुलं आता माझी वाचक आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्या दिवसांत कोण कुणाच्या घरी राहिलं, कुणी कुणाला होडीतून आणलं, कुणाची वह्या-पुस्तकं गेली आणि कुणी आपली अर्धी दिली, यातून किती मैत्र्या झाल्या ते त्यांना विचारा. पेठ, जात, तालीम हे सगळं दोन दिवस पाण्याखाली जातं. मग पाणी उतरतं आणि सगळं पुन्हा वर येतं, चिखलासकट. मला ते पाणी उतरतानाचे दिवस लिहायचे असतात.

पन्हाळ्यावर का लिहीत नाही? अंधारबाव तर तयार सेट आहे!

तीन मजली विहीर, आत खोल्या, चोरवाटा... मोह होतो. पण पन्हाळा म्हटलं की १६६० चा वेढा आणि बाजीप्रभू, शिवा काशीद ही नावं आली. दर पावसाळ्यात लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत चालतात ती त्यांच्यासाठी. त्या माणसांना मी प्रेमकथेतलं भूत करणार नाही. नुसत्या विहिरीत एखादी आसरा बसवेन कदाचित.

केशवराव भोसले नाट्यगृहातल्या भुतावर लिहा ना.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना अर्ध्या गावानं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. इतक्यात नाही लिहिणार.

शेवटी दोघं एकत्र का येत नाहीत? एकदा तरी!

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या याच्या. परत घाटावर चला. कावळा शिवला की काय होतं? गेलेला माणूस सुटतो. त्याला काय हवं होतं ते ओळखलं गेलं, शब्द दिला गेला, आता त्याला थांबायचं कारण नाही. माझ्या नायिकेनं भुताची इच्छा नीट ओळखली तर ते जाणार, आणि ओळखली नाही तर ते राहील, पण मग तिला त्याच्यावर प्रेम होतं असं कसं म्हणायचं? ही कोंडी मी मुद्दाम घातलेली नाही. आपल्या भुतांचा नियमच तो आहे. एकत्र ठेवायचं तर मला दुसऱ्या देशातलं भूत आणावं लागेल, आणि लसणाचं काय ते वर सांगितलंच.

आसराचं मात्र वेगळं आहे. ती मेलेली नाही, तिला सुटायचं नाही, तिला पाणी हवंय. तेव्हा चालू कादंबरीत काय होईल ते मलाही अजून बघायचंय.

मलाही असं लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

आजी-आजोबांना ‘भूत असतं का’ असं विचारू नका. ते ‘काही नसतं’ म्हणतील आणि विषय संपेल. विचारा, ‘लहानपणी कुठल्या वाटेनं जाऊ नको म्हणायचे?’ मग बघा. कुठला ओढा, कुठली चिंच, तिथं कोण गेलं होतं, का गेलं, घरच्यांनी काय लपवलं. चकव्याची गोष्ट हमखास निघेल, रात्रभर माणूस त्याच शेतात फिरत राहिला आणि उजाडल्यावर बघतो तर घर हाकेवर. ती ऐकताना भुताकडं लक्ष देऊ नका. तो माणूस त्या रात्री कुठून येत होता आणि घरी काय सांगून निघाला होता, ते विचारा.

मग वही घ्या आणि भुताला काय हवंय ते एका ओळीत लिहा. ‘बदला’ असं लिहिलं असेल तर खोडा आणि पुन्हा लिहा. लहान काहीतरी हवं. परत न केलेलं पुस्तक, न बघितलेला निकाल, कुणाला तरी म्हणायचं राहिलेलं एखादं वाक्य.

लिहून झालं की मित्राला वाचायला द्या, मला नंतर. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर मार्चनंतर पाठवा, मी आधी आलेली उघडत नाही.